पडद्याच्या दुमडीतली नाणी

नाणं हातात आलं की तो ते आधी नाकाला लावायचा, म्हणून लोकांनी त्याचं नाव हुंग्या पाडलं. तोंडावर सगळे ‘साहेब’ म्हणायचे. पण जुन्या नाण्यांच्या त्या दुकानाची पायरी चढणारा जो तो मागच्या खोलीच्या दाराकडे मान वळवून ‘हुंग्या आलाय का?’ असंच विचारायचा. दाराच्या आत बसलेल्या हुंग्याला ते स्वच्छ ऐकू यायचं. त्याचे कान काही नाकापेक्षा कमी नव्हते.

त्याचं काम म्हटलं तर एवढंसं आणि म्हटलं तर डोंगराएवढं. आपल्या घरातली चांदीची वाटी काळी पडली की आपण चार बोटं राख घेतो, घासतो आणि मोकळे होतो. काळी पडण्याआधी तीच चांदी वाटेत कायकाय रंग दाखवून जाते, हे बघत बसायला सवड कुणाला आहे? आधी वाळल्या गवतासारखी पिवळी होते, मग मधासारखी. मग जांभळट तांबडी, मग निळी, मग हिरवट, आणि शेवटी काळी. नाणं चाळीस-पन्नास वर्षं कुठल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, कापडी पिशवीत, जुन्या पाकिटात पडून राहिलं, आणि नेमक्या वेळी कुणी बाहेर काढलं, तर त्याच्यावर असा रंग सापडतो की बघणाऱ्याने बघत राहावं. अशा नाण्यांसाठी हौशी माणसं जीव टाकतात.

आणि माणसं जीव टाकतात म्हटल्यावर रंग देणारेही आलेच. कुणी उकडलेल्या अंड्याबरोबर नाणं डब्यात कोंडतो, कुणी स्टोव्हवर तवा ठेवून भाजतो, कुणी गंधकाचं पाणी लावतो. चाळीस वर्षांचा रंग चार दिवसांत. तर समोर आलेल्या नाण्यावरचा रंग त्याचा त्याला चढलाय की कुणी चढवलाय, एवढंच हुंग्याने सांगायचं. त्याची चिठ्ठी बोटभर लांबीची असायची, आणि तिच्यावर दोनांपैकी एक शब्द. ‘आपोआप’ किंवा ‘केलेलं’. खाली सही. त्या शब्दापुढे कुणाचं काही चालत नसे.

बघायची त्याची रीत ठरलेली होती. आधी वास. ताजं केलेलं काम सडक्या अंड्यासारखं घमघमतं. मग उत्तरेच्या खिडकीशी जायचं आणि नाणं कडेने दोन बोटांत धरून हळूहळू फिरवायचं. न वापरलेल्या नाण्यावर उजेडाच्या आऱ्या भिंगरीसारख्या फिरतात. रंग खरा असला तर त्या रंगाखालूनही फिरतात, खोटा असला तर भिंगरी जागीच मरते. मग भिंग. ओरखडा असला तर रंग ओरखड्याच्या आत उतरलाय का वरून गेलाय, अक्षरांच्या बगलेत काय झालंय, हे सगळं. आणि शेवटी रंगांची रांग. निळ्यापासून पांढऱ्या चांदीपर्यंत यायचं तर मध्ये तांबडा आणि पिवळा लागलाच पाहिजे. माडीवरून खाली यायला जिना उतरावा लागतो, तसं. निळा जिथे एकदम तुटतो आणि लगेच पांढरं सुरू होतं, तिथे कुणीतरी बोटं घातलीत असं समजायचं.

आणि ह्या सगळ्याच्या वर एक नियम होता. गोष्ट ऐकायची नाही. नाणं ट्रेमधून आत यायचं, आणणारा बाहेर थांबायचा. कारण ज्याने रात्रभर अंडी उकडलीत तोच सगळ्यात सुंदर गोष्ट घेऊन येतो, हे हुंग्या विशीतच शिकला होता. आजोबांची पेटी, खचलेली भिंत, वारलेली मावशी. ऐकलं की मन पाघळतं, आणि मन पाघळलं की डोळा फसतो. म्हणून दार बंद.

ही सवय दुकानापुरती राहिली असती तर बरं झालं असतं. त्याची बायको सहा वर्षं नांदली आणि एके दिवशी माहेरी गेली ती गेलीच. जाताना त्याच्या बहिणीला एवढंच म्हणाली, ‘वन्सं, ह्यांना साधं डोकं दुखतंय म्हणून सांगितलं तरी आधी खिडकीपाशी नेऊन बघतात.’ बहीण हसली होती. नंतर तिच्या लक्षात आलं की ते हसण्यासारखं नव्हतं. तेव्हापासून हुंग्या तीन जिने चढून जायच्या दोन खोल्यांत एकटा राहत होता. सकाळी ब्रेड, रात्री वरण-भात, सुट्टीच्या दिवशी बहिणीचा फोन. ‘जेवलास का रे?’ ‘जेवलो.’ ‘काय?’ ‘जेवण.’ झालं बोलणं. घरात खुर्च्या दोन होत्या. एकीवर वर्तमानपत्रांची चळत इतकी वर्षं होती की ती खुर्ची आहे हे तोसुद्धा विसरला होता.

त्याला तोंडावर हुंग्या म्हणणारा एक माणूस होता. ढब्बू. जुन्या ढब्बू पैशासारखा गोल, जाड आणि ठणठणीत, म्हणून ढब्बू. दोघं ह्याच दुकानात, जुन्या मालकांकडे, एकाच दिवशी कामाला लागले, दोन स्टुलं शेजारी-शेजारी आणि भिंग एकच. वीस वर्षं त्यांनी त्या भिंगासाठी भांडण केलं आणि दुपारचा डबा एकमेकांच्या डब्यात हात घालून खाल्ला. हुंग्या बघायचा, ढब्बू गिऱ्हाईक सांभाळायचा. ढब्बूच्या जिभेवर साखर, हुंग्याच्या जिभेवर कुलूप. बरी जोडी होती.

मग बावीस वर्षांपूर्वी ढब्बूने स्वतःची म्हणून बारा नाणी त्याच्यापुढे ठेवली. मोठी, जड, एका बाजूला मुकुट घातलेला चेहरा. बाराही एकजात अर्धी. वरचा अर्धा भाग गडद निळा, खालचा पांढराशुभ्र, आणि मधली रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ.

‘कुठून आली, विचारत नाहीस?’ ढब्बू म्हणाला.

‘नियम आहे.’

‘अरे, नियम बाहेरच्यांना. मी तुझ्या मांडीला मांडी लावून बसतो.’

‘सगळ्यांना सारखाच.’

‘मावशीच्या पडद्यातून निघालीत रे, तिने स्वतः...’

‘मावशी!’ हुंग्याला हसू फुटलं. ‘ह्या खोलीत आजवर जेवढ्या मावश्या आल्या ना, तेवढ्या अख्ख्या शहरात नसतील.’

आणि त्याने बारा चिठ्ठ्या लिहिल्या. बाराही ‘केलेलं’. निळ्यापुढे जिना नव्हता, सरळ कडाच तुटलेला होता. दुसरं लिहिणार काय? भिंगरी फिरत होती, वासही नव्हता. ह्या दोन गोष्टी त्याला तेव्हा खटकल्या. पण बारा नाण्यांवर बारा सरळ रेघा? त्याने मनाची समजूत घातली की ढब्बूच तो, वीस वर्षं शेजारी बसून सगळं शिकलाय, काम चांगलंच करणार.

त्या दुकानात एक रीत होती. ‘केलेलं’ ठरलेल्या मालाची चिठ्ठी आणणाऱ्याच्या नावासकट पुढच्या फळ्यावर टाचणीने लावायची, म्हणजे बाकीचे व्यापारी सावध. जुन्या मालकांनी ढब्बूचं नावही लावलं. नियम म्हणजे नियम. ढब्बूने खुंटीवरचा कोट काढला, दोन्ही हात बाहीत घातले, बटणं लावली, सगळी. आणि गेला. त्यानंतर नाण्यांच्या धंद्यात त्याला कुणी उभं केलं नाही. हुंग्याने त्याला परत पाहिलं नाही. शेजारचं स्टूल पुढे कुणीतरी उचलून झाडूवालीला दिलं.

आता हुंग्या सदुसष्ट वर्षांचा होता. मालक वारले होते, दुकान त्यांची मुलगी चालवायची. आणि एका सकाळी मागच्या खोलीचं दार न ठोठावता उघडून एक बाई आत आली. पन्नाशीची, मास्तरीण शोभावी अशी ताठ, आणि हातात दोरीने बांधलेलं गाठोडं.

‘ओळखलंत का, साहेब?’

आवाजावरून ओळखलं. ढब्बूची धाकटी बहीण. एके काळी ती ह्यालासुद्धा दादा म्हणायची. ‘ढब्बूची...’ तो म्हणायला लागला.

‘ढब्बू नका म्हणू. नाव आहे माझ्या भावाला.’

हुंग्याने आपलं ठरलेलं वाक्य काढलं. ‘इथे नाणं तेवढं आत येतं, बाई. आणणाऱ्याने बाहेर थांबायचं असतं.’

‘मी नाणं आणलेलंच नाही. पडदा आणलाय.’

आता पडद्यासाठी नियम नव्हता. हुंग्या बघत राहिला आणि तिने गाठ सोडली. जाड लोकरीचा, विटलेल्या तपकिरी रंगाचा पडदा टेबलावर पसरला. धूळ उडाली. खालची काठाची दुमड दोन बोटं रुंद होती, आणि टेबलावर पडताना ती ठक्क वाजली.

‘मावशी शिवणकाम करायची, ते तुम्हाला माहीत होतं. तुम्ही दोन शर्ट शिवून घेतलेत तिच्याकडून,’ ती म्हणाली. ‘वाईट दिवसांत तिने घरातली चांदी पडद्यांच्या दुमडीत शिवून टाकली होती. पडदे दोन. एक तिने स्वतः उसवला आणि बारा नाणी दादाला दिली. दुसऱ्याचं बोलायच्या आधीच ती गेली. हा तिच्या ट्रंकेच्या तळाशी होता, गेल्या महिन्यात ट्रंक उपसली तेव्हा हातात आला. उचलला तर जड. मी उसवलेला नाही. तुम्हीच उसवा. उगाच मागाहून म्हणाल, बाईने घातली.’

‘मी कशाला...’

‘कारण मला लिहून पाहिजे. तुमच्या हातचं. मी शाळेत शिकवायचे, साहेब, आणि वर्गातली पोरं फळ्यावर लिहून ठेवायची, रंगाऱ्याची बहीण. रोज पुसायचं आणि शिकवायला लागायचं. दादाला आता काही नको. मला पाहिजे.’

हुंग्याने खणातून पातं काढलं. पण पहिला टाका कापायला त्याला वेळ लागला. कारण तो मूर्ख नव्हता. दुमडीचा आवाज ऐकला तेव्हाच पुढचं निम्मं त्याला कळलं होतं. आतलं नाणं पूर्ण रंगलेलं निघालं, किंवा पूर्ण पांढरं, किंवा रीतसर जिना उतरत आलेलं, तर त्याची चिठ्ठी खरी. अर्धं निघालं तर त्याने जगातल्या एकुलत्या एका मित्राला चोर ठरवून घालवून दिलं होतं, आणि तेही खोटं. शिवाय मग ह्या बोटभर चिठ्ठ्यांवर, चाळीस वर्षांच्या, भरवसा कुणी आणि का ठेवायचा? एवढं सगळं त्या टाक्यापलीकडे होतं.

टाके बारीक होते. दोरा पिवळा पडून ठिसूळ झालेला, टाक्याखालची लोकर मूळच्या रंगाची आणि बाजूची विटलेली. म्हणजे जुनी शिवण, मध्ये कुणी हात लावलेला नाही. हे त्याने पाहिलं. पाहायचं नाही म्हटलं तरी त्याला दिसलंच. दुमड उघडली आणि आत मेणकापडाची पट्टी दिसली, खालच्या अर्ध्या भागात नेमकी बसवलेली.

‘हे कशाला?’ त्याने विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने त्या खोलीत कुणाला काही विचारलं असेल.

‘लादी पुसताना पडद्याचा काठ भिजायचा. पाणी आत जाऊ नये म्हणून. मावशी सगळ्याच पडद्यांना लावायची.’

मेणकापडाचा खिसाच होता तो. नाणं त्यात कमरेपर्यंत घट्ट उभं होतं आणि कमरेच्या वर नुसती लोकर. लोकरीत गंधक असतं, हे हुंग्याइतकं कुणाला ठाऊक? वरच्या अर्ध्या भागाला रात्रंदिवस लोकर चिकटलेली, खालच्या भागाला वाराही लागत नव्हता.

त्याने नाणं बाहेर काढलं.

अर्धं. पट्टीने आखल्यासारखं.

त्याने ते नाकाला लावलं. लोकर, धूळ आणि कुठल्या तरी जुन्या साबणाचा वास. खिडकीशी नेऊन फिरवलं. आऱ्या रंगावरून पांढऱ्यावर आणि पांढऱ्यावरून रंगावर न अडखळता फिरल्या. मग बाईने पर्समधून रुमाल काढला आणि रुमालातून बारांपैकी एक नाणं काढून शेजारी ठेवलं. ‘दादाने कचऱ्यात टाकली होती. मी उचलून ठेवली.’

दोन्ही शेजारी ठेवली तेव्हा उरलीसुरली शंकाही गेली. जुन्या बारांतलं निळं होतं, बावीस वर्षांपूर्वी लोकरीतून निघालं आणि तिथेच थांबलं. आत्ता निघालेलं निळ्याच्या पुढे जाऊन हिरवट झालं होतं, कारण ते तेवढी वर्षं जास्त लोकरीत राहिलं. रांग अगदी बरोबर होती. एका रंगाचंही पाऊल चुकलं नव्हतं. चुकलं होतं ते बघणाऱ्याचं.

‘किती आहेत अजून आत?’ तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

‘हाताला लागतात तेवढ्यावरून नऊ. उसवा की सगळी. तुम्हाला पुरावा लागतो ना.’

‘नको. झालं.’

‘मग लिहा.’

‘उद्या या.’

ती हसली, पण ते हसू दातांपर्यंतच होतं. ‘येते. बावीस वर्षं थांबले, तिथे उद्याचं काय मोठं.’

दुकानाच्या मालकिणीने ऐकलं तेव्हा तिने हातातला कपडा काउंटरवर आपटला. ती फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून हुंग्याला काका म्हणत आलेली, त्यामुळे ओरडायचं तरी काका म्हणूनच. ‘काका, चिठ्ठी द्या, माफी मागा, चहा पाजा, विषय मिटवा. फळ्यावर कशाला लावायचं?’

‘पहिली फळ्यावर लावली होती.’

‘ती बाबांनी लावली होती.’

‘लिहिली मी.’

‘एक चुकली असं तुम्ही फळ्यावर लावलंत ना, की उद्या सगळं गाव जुन्या चिठ्ठ्या घेऊन दारात. तुम्हाला काय, तुम्ही आत दार लावून बसाल. पुढे उभी मी असते. शिव्या मला.’

‘दार उघडं ठेवीन,’ हुंग्या म्हणाला.

‘वा! चाळीस वर्षांनी उघडा. आता हवा येऊन काय होणार?’ ती म्हणाली, पण टाचण्यांची डबी तिनेच पुढे सरकवली.

त्याने बारा चिठ्ठ्या लिहिल्या. ‘आपोआप’. आणि फळ्यासाठी एक मोठा कागद. ढब्बूचं पूर्ण नाव, पहिल्या चिठ्ठीची तारीख, आणि खाली एकच ओळ. ‘ही नाणी अस्सल आहेत. तेव्हाची माझी चिठ्ठी चुकीची होती.’ सही. बाई दुसऱ्या दिवशी आली, फळ्यासमोर उभी राहिली आणि शाळेतल्या फळ्यावरचं वाचावं तसं दोनदा वाचलं. बारा चिठ्ठ्या मात्र तिने घेतल्या नाहीत.

‘ह्या त्याला तुम्ही नेऊन द्या. पत्ता देते. मी पाठवलं म्हणू नका.’

मालकिणीचं बोलणं खरं ठरलं. पुढचे तीन आठवडे माणसं जुनी पाकिटं घेऊन येत राहिली. हुंग्याने दार उघडं ठेवलं, समोर खुर्ची ठेवली आणि प्रत्येकाला विचारायला लागला की नाणं कुठे होतं, कशात होतं, किती वर्षं होतं. तर गंमत अशी की ज्यांनी चाळीस वर्षं त्याला गोष्ट सांगायची धडपड केली, त्यांना आता विचारल्यावर काही आठवेना. एक जण घाम पुसत म्हणाला, ‘साहेब, खरं सांगू? डब्यात होतं. कसला डबा ते मला आत्ता विचारू नका, मी घाबरलोय.’ दुसऱ्याने एकाच नाण्याच्या तीन मावश्या सांगितल्या. हुंग्याला एरवी हसू आलं असतं. हळूहळू माणसं कमी झाली. रस्त्यापलीकडच्या दुकानात एक नवा पारखी बसायला लागला होता, तो काही विचारत नाही म्हणे, पाच मिनिटांत सांगतो. ट्रे रिकामा राहायला लागला. हुंग्या त्याच्या कडेने बोट फिरवत बसायचा.

एका सुट्टीच्या दिवशी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला, चिठ्ठ्या पाकिटात घातल्या आणि दीड तासाची बस पकडली. बहिणीचा फोन तेवढ्यात आला. ‘कुठे निघालास?’ ‘जरा बाहेर.’ ‘तू? बाहेर?’ तिने दोनदा विचारलं, काही दुखतंय का म्हणून.

शहर संपतं तिथे पाण्याच्या पंपांच्या दुरुस्तीची पत्र्याची शेड होती. आत एक वाळकुडा म्हातारा पंप पोटाशी धरून नट सोडवत बसला होता. हुंग्याने त्याला ‘मालक कुठे आहेत?’ म्हणून विचारलं. म्हाताऱ्याने मान वर केली आणि तेव्हा कळलं की ढब्बूचा ढब्बूपणा सगळा ओसरून गेलाय. राहिलाय तो हा.

‘हुंग्या,’ ढब्बू म्हणाला. आवाजात राग नव्हता, नवलही नव्हतं. डब्यावरची चिठ्ठी वाचावी तसा म्हणाला. ‘बस. त्या पिंपावर नको, तेल आहे. इकडे बस.’

हुंग्या बसला. पाकीट पुढे केलं. ढब्बूने हात फडक्याला पुसले, एक एक बोट, आणि वरची चिठ्ठी तेवढी वाचली.

‘बारा लिहिल्यास? एकीत भागलं असतं.’

‘तेव्हा बारा लिहिल्या होत्या.’

‘पक्का आहेस.’ त्याने पाकीट फळीवर ठेवलं, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर एक पाना ठेवला. ‘धाकटीने पाठवलं असणार.’

‘नाही.’

‘बरं. नाही तर नाही.’

‘फळ्यावरही लावलंय. नावासकट.’

‘ते बरं केलंस. तिला बरं वाटेल.’

मग हुंग्याने बसमध्ये दीड तास घोळवलेलं वाक्य बाहेर काढलं. ‘चुकलं माझं.’

‘हो,’ ढब्बू म्हणाला. ‘मावशीचं घर चार गल्ल्या पलीकडे होतं. पहिला पडदा उसवलेला तसाच खिडकीला टांगलेला होता तेव्हा. मेणकापड आतच होतं. चालत जाऊन यायला दहा मिनिटं.’

‘मग मला नेलं का नाहीस? आणून का दाखवलं नाहीस?’

ढब्बूने नट हातात फिरवला. ‘आणणार होतो. चिठ्ठीचं मला काही वाटलं नाही, ती तू सगळ्यांना लिहायचास. पण तू हसलास रे. मग आणून कुणाला दाखवायचं?’

तेवढ्यात एक बाई धापा टाकत घरचा पंप घेऊन आली, तो बंद पडलाय, टाकीत थेंब नाही, घरात आजारी माणूस. ढब्बू लगेच उठला. त्याने पंप उलटा केला, झाकण काढलं, आत डोकावला. ‘उजेड धर जरा,’ तो मागे न बघता म्हणाला. हुंग्याने फळीवरची बॅटरी उचलली आणि धरली. ‘खाली. अजून. हां, तिथेच.’ वीस मिनिटं तो वाकून तसाच उभा होता. कंबर भरून आली, पण हात हलला नाही. एकदा ढब्बू म्हणाला, ‘ते दिसतंय का, काळं?’ हुंग्या म्हणाला, ‘घासलं गेलंय. एकाच बाजूने.’ ‘तेच म्हणतो मी,’ ढब्बू म्हणाला. त्या वीस मिनिटांत हुंग्याला आपण इथे कशाला आलोय ह्याचा विसर पडला.

पंप घरघरला, बाई आनंदाने निघून गेली. ढब्बूने हात पुढे केला. हुंग्याला वाटलं हातात हात घेतोय, त्याने उजवा हात मोकळा केला. ढब्बूने डाव्यातली बॅटरी घेतली आणि जागेवर ठेवली.

‘साडेपाचची बस मिळेल तुला,’ तो म्हणाला. ‘नंतरची फार उशिरा आहे.’

हुंग्याने शर्ट झटकला. शेडच्या तोंडाशी जाऊन थांबला. ‘मी येत जाऊ का अधूनमधून?’

ढब्बू पुढचा पंप ओढत होता. ‘घरात पंप आहे का तुझ्या?’

‘नाही.’

‘मग?’

ढब्बू हसला, अगदी साधं, मनात काही नसल्यासारखं. हुंग्याही हसला. मग तो रस्ता ओलांडून थांब्यावर गेला. बसला अजून पाऊण तास होता. थांब्यावर दुसरं कुणी नव्हतं, आणि बाक चांगला लांबलचक होता. तो एका टोकाला बसला.